किल्टच्या खाली, बुटाच्या वर

'परंपरेची निर्मिती' हा शब्दप्रयोग आपल्या साहित्यचर्चेत आता इतका रुळला आहे, की वक्त्याने तो उच्चारताच पुढचे उदाहरण कोणते येणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेला त्याच नावाचा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्या निबंधाने स्कॉटलंडच्या किल्टची जी फजिती केली, ती आजही वर्गावर्गांतून चवीने सांगितली जाते. अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्ट्याने आवळायचे मोठे वस्त्र कापून त्याचा आटोपशीर किल्ट करण्याची कल्पना अठराव्या शतकातल्या टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराची. आणि प्रत्येक कुळाचा टार्टन निराळा, ही समजूत तर त्याहूनही अलीकडची. रॉलिन्सनविषयीच्या तपशिलावर पुढे अनेकांनी आक्षेप घेतले, पण निबंधाचा एकंदर रोख टिकून राहिला. विद्यार्थी हसतात, टिपणे घेतात, आणि 'अस्सल' या शब्दाभोवती कायमची अवतरणचिन्हे पडतात.

आमची तक्रार अशी, की ही सगळी चर्चा गुडघ्याशी येऊन थांबते. किल्ट कोणी शिवला, कधी शिवला, टार्टनच्या रेघा कोणी ठरवल्या, यावर ग्रंथ आहेत. परंतु आजच्या घटकेला एखाद्या माणसाला एखाद्या मंगळवारी, लग्न नसताना, मिरवणूक नसताना, किल्ट घालून कामावर जायचे असेल तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न रॉलिन्सनचा नसतो. तो असतो मोज्यांचा. किल्टखाली घालायचे, गुडघ्याच्या किंचित खाली येऊन थांबणारे, वरच्या काठाला रुंद दुमड असलेले ते लांब लोकरी पायमोजे (तिकडे त्यांना 'होज' म्हणतात) परवडतील अशा किमतीत, अंगाला टोचणार नाहीत असे, आणि महिनाभरात टाचेला भोक पडणार नाही असे कुठे मिळतात? वस्त्रपरंपरेच्या खरेखोटेपणाबद्दल बोलणाऱ्यांनी हा प्रश्न क्षुल्लक मानला आहे. आम्हाला मात्र वाटते, की किल्ट हा पोशाख आहे की सोंग, याचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो.

गंमत अशी, की पायमोज्यांचा इतिहास किल्टच्या इतिहासापेक्षा कमी वादग्रस्त आणि अधिक घरगुती आहे. एडमंड बर्ट हा इंग्रज अधिकारी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हायलँड्समध्ये होता. त्याची पत्रे १७५४ साली छापली गेली. मोजे पोटरीच्या फुगीर भागापर्यंतच येतात आणि वर मांडीपर्यंत पाय उघडाच राहतो, त्यामुळे ती कातडी उन्हावाऱ्याने रापलेली, ठिपक्याठिपक्यांची झालेली असते, असे निरीक्षण त्याने नोंदवले आहे. त्या काळचे हे मोजे विणलेले नसत. मागावरच्या टार्टन कापडातून ते तिरके कापून मागच्या बाजूला शिवत. कापड तिरके धरले की ते ताणले जाते आणि पायाला बसते. आणि तिरके धरले की चौकटी उभ्या कोनावर येऊन शंकरपाळ्यासारख्या दिसू लागतात. ज्याला आज जगभर 'आर्गाइल' नक्षी म्हणतात आणि जी कचेरीत जाणाऱ्यांच्या स्वेटरांवर दिसते, तिचा उगम या कात्रीच्या काटकसरीत आहे. हायलँड पलटणींचे लाल-पांढऱ्या चौकटींचे मोजे याच पद्धतीचे होते. विणलेले मोजे त्यांच्या पायात नंतर आले.

विणकाम मात्र शेजारीच चालले होते. डॉ. जॉन्सन १७७३ साली बॉझवेलसह स्कॉटलंडच्या वाटेवर निघाले, तेव्हा ॲबर्डीनमध्ये परक्याच्या डोळ्यांत भरणारा उद्योग म्हणजे मोजे विणण्याचा, आणि तो तळच्या वर्गातील बायकांच्या हातात आहे, असे त्यांनी आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले. साहित्याचे विद्यार्थी ते पुस्तक ओसियनच्या वादासाठी वाचतात. त्या बायकांपाशी कोणी थांबत नाही. त्याच सुमारास, १७७१ साली, जॉन हार्डी याने दक्षिणेकडील हॉइक या गावी मोजे विणण्याची चार यंत्रे आणली. विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली बनवले होते. स्कॉटलंडच्या सीमाभागात त्याने मूळ धरले ते असे. हॉइकमध्ये आजही लोकरी विणकाम होते, आणि उत्तम किल्ट-मोज्यांचे नाव निघाले की आधी याच गावाचे नाव निघते.

आणखी एक तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. कलोडनच्या लढाईनंतर १७४६ साली हायलँड पोशाखावर बंदी घालणारा कायदा झाला. त्यात अंगावरचे मोठे वस्त्र, आखूड किल्ट, तंग विजार आणि खांद्यावरचे पट्टे यांची नावानिशी यादी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. त्या यादीत पायमोज्यांचे नाव नाही. पोशाखाचा 'विशेष' असलेला कोणताही भाग, अशी एक मोघम पुरवणी आहे खरी. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो हायलँडर उभा होता तो कमरेपासून वरचा होता. पुढच्या काळातील टीकाकारांनीही हीच सवय चालू ठेवली, असे आम्ही म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. कादंबरीकाराची नजर मात्र वेगळी. 'किडनॅप्ड' (१८८६) मध्ये स्टीव्हन्सन १७५१ सालचा हायलँड प्रदेश रंगवतो, तेव्हा बंदीखालची माणसे काय काय युक्त्या करतात हे तो तपशिलाने सांगतो: कोणी विजार पाठीवर ओझ्यासारखी टाकून उघड्या पायांनी चाललेला, कोणी किल्टलाच दोन टाके घालून तिची विजार केलेली. कापड, टाके आणि गरिबी यांचे ते गणित आहे, आणि ते वाचताना परंपरा खरी की खोटी हा प्रश्न मनात येतही नाही.

खर्चाचे आकडे हवे असतील तर ते १८२२ सालचे आहेत. त्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या सोहळ्याची आखणी केली. राजाच्या हायलँड पोशाखाचे बिल १,३५४ पौंड १८ शिलिंग झाले. एवढे करून राजेसाहेबांनी किल्टखाली गुलाबीसर, कातडीच्या रंगाची तंग विजार चढवली, आणि शहराला वर्षानुवर्षे पुरेल एवढा विनोद दिला. डेव्हिड विल्कीने १८२९ साली पुरे केलेल्या चित्रात ती विजार गाळून टाकली. सोंग कुठे उघडे पडते याची ही ऐतिहासिक साक्षच म्हणायची: टोपी, तलवार, हिरे सगळे जागच्या जागी, आणि घोटाळा पायांत.

आता आजचा हिशेब. चांगला किल्ट आठ वार लोकरी कापडाचा असतो. तो महाग असतो, पण तो एकदाच घ्यायचा. पट्ट्यांचे बक्कल सरकवून तो वाढत्या पोटाला जागा देतो आणि बापाकडून मुलाकडे जातो. मोजे तसे नाहीत. ते रोज बुटात जातात, घामात भिजतात, टाचेशी घासतात. म्हणजे किल्टची किंमत ही घटना आहे आणि मोज्यांची किंमत हा प्रपंच. आजोबांचा किल्ट फुकट मिळालेल्या तरुणालाही आठवडाभर वापरायचे म्हटले तर मोज्यांच्या तीन-चार जोड्या लागतात, आणि यंत्रावर विणलेल्या मिश्र लोकरीच्या साध्या जोडीत व उत्तम मेरिनोच्या जोडीत तिपटी-चौपटीचा फरक सहज असतो. हाताने विणलेली जोडी तर हिशेबापलीकडची. मग तो तरुण काय करतो? किल्ट कपाटात ठेवतो आणि लग्नाच्या दिवशी काढतो. ज्याच्याकडे तोही नाही तो भाड्याच्या दुकानात जातो, जिथे सगळे एकदमच मिळते, आणि त्या गठ्ठ्यात पांढरे मोजे असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लग्नांतून जो पांढऱ्या मोज्यांचा महापूर आला त्याचे श्रेय बरेचसे या भाडे-व्यवसायाला आहे. पांढरा कोणत्याही टार्टनखाली चालतो, त्यामुळे दुकानदाराला साठा कमी ठेवावा लागतो. कारण एवढेच, आणि आता अनेकांना तीच 'परंपरा' वाटते. ट्रेव्हर-रोपर यांना हे उदाहरण आवडले असते.

आपल्याकडे शिवलेली तयार नऊवारी दिवसाच्या भाड्याने मिळू लागली, तेव्हा तिचे काय झाले हे वाचकांना सांगायला नको. असो.

या विषयावर दोन प्रकारचे अहंकार बोलताना आढळतात. एक पंडिताचा: सगळेच बनावट आहे, मग मोजे कसले शोधता? दुसरा कर्मठाचा: हाताने विणलेले, दुमडीवर वेलबुट्टी असलेले मोजे घालणार नसाल तर किल्टला हात लावू नका. दोघांचा परिणाम एकच होतो. सामान्य माणूस विजार घालतो. कर्मठांविषयी आम्हाला आदर आहे. दुमडीवरच्या त्या नक्ष्या म्हणजे विणकामातील छंदशास्त्रच आहे, आणि लेडी गेनफर्ड यांनी संकलित केलेल्या किल्ट-मोज्यांच्या नमुन्यांचे पुस्तक चाळणाऱ्याला त्यातील गणित थक्क करते. पण अशा एका जोडीत कोणाच्या तरी कित्येक संध्याकाळी जातात. त्या संध्याकाळींचे मोल कमी करून त्या स्वस्त मागणे हा अन्याय आहे. म्हणून आमचे मत असे, की हातविणीची जोडी सणाला ठेवावी, तिचे पूर्ण दाम मोजावे, आणि रोजच्या वापरासाठी यंत्राकडे निःसंकोच वळावे. हॉइकची यंत्रेही अडीचशे वर्षांची झाली. तेवढ्यात परंपरा होत नसेल तर कशात होते?

रोजची जोडी पारखायची कशी? इथे टेरी प्रॅचेट यांच्या 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) मधला सॅम व्हाइम्स अनेकांना आठवेल. गरिबाचे स्वस्त बूट लवकर फाटतात आणि शेवटी श्रीमंताच्या टिकाऊ बुटांपेक्षा महाग पडतात, हा त्याचा सिद्धान्त. बुटांच्या बाबतीत तो बिनतोड आहे. मोज्यांच्या बाबतीत मात्र तो अर्धाच लागू पडतो, कारण इथे सर्वांत महाग ते सर्वांत टिकाऊ नसते. निव्वळ तलम मेरिनोचे मोजे पायाला लोण्यासारखे लागतात, पण टाचेला ते लवकर विरतात. उलट साठ-सत्तर टक्के लोकर आणि उरलेले नायलॉन असे मिश्रण हाताला थोडे राठ लागले तरी रोजच्या चालण्याला पुरून उरते. नायलॉन म्हटल्याबरोबर नाक मुरडणारे पुष्कळ असतात. त्यांनी मोज्याची टाच आणि चवडा उलटून पाहावा. तिथला दुहेरी धागा हेच त्याच्या आयुष्याचे रहस्य असते. संपूर्ण ॲक्रिलिकचे मोजे दुकानात छान दिसतात, पण ते घाम धरून ठेवतात आणि थोड्याच धुण्यांत त्यांच्यावर गोळे येतात. सुती मोजा तर या कामाला निरुपयोगीच. लोकरीला अंगचा ताण असतो, कापसाला नसतो. दुपारपर्यंत तो घोट्याशी येऊन बसतो आणि मालक दिवसभर वाकून तो वर ओढत राहतो.

लांबीचा प्रश्न बहुतेकांना उशिरा कळतो. मोजा गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटे थांबला पाहिजे, आणि वरची दुमड त्याच्या आत मोजलेली नसते. म्हणून विकत घेताना तळव्याच्या मापाबरोबर पोटरीचा घेरही मोजावा. जाड पोटरीच्या माणसाला सर्वांत उपयोगी पडते ती वरपासून खालपर्यंत उभ्या रेघांची वीण. ती ताणते आणि परत येते. साध्या सपाट विणीचा मोजा अशा पायावर फाकतो आणि आतली कातडी दिसू लागते. बारीक पोटरीच्या माणसाची अडचण उलटी, पण तिच्यावर उपाय जुनाच आहे: दुमडीखाली गार्टर. दुमडीच्या खालून जी रंगीत फितींची टोके डोकावतात ती त्याच गार्टरला लावलेली असतात. पुष्कळांना ती निव्वळ शोभा वाटते. वास्तविक काम करतो तो आतला पट्टा.

रंग हा खरे तर लहान मुद्दा, पण त्यात पैसे वाचतात. पांढरा आणि मलईचा रंग एका पावसात चिखलाने संपतो. स्कॉटलंडचा पाऊस लक्षात घेता रोजच्या वापराला लोव्हट, म्हणजे तो करडट हिरवा, किंवा कोळशाचा करडा, किंवा गडद निळा चांगला. किल्टच्या टार्टनमधील मुख्य रंग मोज्याला हुबेहूब जुळवण्याचा खटाटोप करू नये. तो कधीच जुळत नाही आणि जवळपासचा रंग फार वाईट दिसतो. टार्टनमधली एखादी दबलेली रेघ निवडावी. आणि एकाच रंगाच्या दोन जोड्या घ्याव्यात. एक मोजा फाटला तर तीन उरतात.

ज्यांना एवढेही परवडत नाही त्यांच्यासाठी पर्यायांची एक परंपरा आहे, आणि ती दुकानांच्या बाहेर वाढली. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघामागे परदेशी जाणारे पाठीराखे किल्टखाली डोंगर चढायचे जाड मोजे घालून ते घोट्याशी ढिले सोडतात आणि खाली मजबूत बूट चढवतात. कर्मठांना हे पाहवत नाही. आम्हाला मात्र किल्ट इथे खराखुरा कपडा झालेला दिसतो: त्यात माणसे बसतात, पावसात भिजतात, बिअर सांडतात. गिर्यारोहणाचे गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे, सैन्यातून निकालात निघालेले जाड मोजे, शाळकरी मुलांच्या मोज्यांची मोठी मापे, यांतून काम भागते. खेळाडूंचे चकचकीत नायलॉनचे मोजे तेवढे टाळावेत, विशेषतः ज्यांवर पट्टे असतात ते.

एक शब्द सियालकोटविषयी. पंजाबातले हे शहर, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले, खेळाच्या सामानासाठी ओळखले जाते. तिथे बॅगपाइप आणि हायलँड वेशाचे स्वस्त सामानही मोठ्या प्रमाणात तयार होते. साम्राज्याने जी पलटण-वाद्ये तिकडे नेली ती आता उलट दिशेने जहाजात चढतात. या मालाला 'नकली' म्हणून झटकणे सोपे आहे. पण कोणत्या गावी विणले यापेक्षा कशाचे विणले हा प्रश्न मोज्याच्या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. चिठ्ठीवर लोकरीचे प्रमाण लिहिलेले नसेल तर जोडी परत ठेवावी. ती हॉइकच्या दुकानातली असली तरीही.

आणि शेवटी सैन्याकडून घ्यायची एक युक्ती, जी आमच्या मते या सगळ्या शोधाचे सर्वांत स्वस्त उत्तर आहे. हायलँड पलटणींमध्ये तळवा नसलेले मोजे वापरात होते: पोटरीवर फक्त नक्षीदार वरचा भाग, पायात साधा मोजा, आणि दोहोंचा सांधा झाकायला वरून पांढरे स्पॅट. सोहळ्याला सैनिक पूर्ण मोज्यात दिसे आणि टाच फाटली तर बदलायचा तो साधा मोजा. आज स्पॅट कोणी रोज घालत नाही, पण घोट्याच्या वर येणारा बूट तेच काम करतो. तेव्हा चांगल्या लोकरीच्या जोडीची टाच गेली की ती फेकू नये. घोट्याशी कापावी, टाके सुटणार नाहीत असा काठ शिवून घ्यावा, आणि खाली कोणताही साधा लोकरी मोजा घालावा. सुया चालवता येणाऱ्यांना याहून जुना मार्ग आहे: घोट्यापर्यंत उसवून टाके परत सुईवर घ्यायचे आणि नवा तळवा विणायचा. लांब मोज्यांना असे नवे पाय लावणे ही पूर्वी घरोघरची गोष्ट होती. रंग तंतोतंत जुळला नाही तरी हरकत नाही. तो बुटाच्या आत असतो. धुताना पाणी गार ठेवावे, पिळू नये, आणि दोरीवर न टांगता सपाट जागी वाळत घालावे, नाहीतर पुढच्या आठवड्यात दुमड गुडघ्याच्या वर जाऊन बसते.